तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : जमिनीलगतचा ओझोन, गाड्यांचा धूर आणि कोकणातली झाडं

मागच्या अंकात आपण उन्हाळ्यातल्या हवेबद्दल प्रश्न मागवले होते. पत्रं, ईमेल, व्हॉट्सॅप मेसेज असं बरंच काही आलं आणि त्यातले बरेचसे ओझोनबद्दल निघाले, म्हणून या वेळचा पूर्ण कॉलम त्यालाच दिलाय. नावं छापू नका असं काहींनी कळवलं होतं, त्यामुळे सगळ्यांचीच नावं काढून फक्त गावं ठेवली आहेत.

आमचं गुहागरला छोटंसं होमस्टे आहे. बोर्डवर "समुद्र आणि जंगलाची ओझोनयुक्त हवा" असं लिहिलंय. परवा पुण्याचे एक गेस्ट म्हणाले, ताई, ओझोन विषारी असतो, हे काढून टाका. मी तर लहानपणापासून ऐकतेय की ओझोन चांगला असतो. खरं काय समजायचं? — गुहागर

ताई, गेस्टचं बरोबर आहे, बोर्ड बदलाच. ओझोन म्हणजे ऑक्सिजनचे तीन अणू एकत्र आलेला वायू. पृथ्वीवरचा साधारण 90 टक्के ओझोन आपल्या डोक्यावर खूप उंच, बहुतेक 15 ते 35 किलोमीटरच्या पट्ट्यात असतो आणि तिथे तो सूर्याची घातक अतिनील किरणं अडवतो, म्हणून शाळेत आपण "ओझोन वाचवा" शिकलो, ते खरंच आहे. पण तोच वायू नाकातोंडातून आत गेला की श्वासनलिकेचं आतलं नाजूक अस्तर जाळतो. खोकला येतो, छाती आवळल्यासारखी होते, दमा असेल तर तो उसळतो. वायू एकच, वर असला तर छत्र, खाली असला तर त्रास.

तुम्ही लहानपणापासून ऐकलंत त्याला जुनं कारण आहे. 1840 च्या सुमारास शॉनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमध्ये बासेलला हा वायू ओळखला आणि पुढे युरोपात अशी समजूत पसरली की ओझोन हवा शुद्ध करतो. मग समुद्रकाठची आणि डोंगरावरची आरोग्यधामं "आमच्याकडे भरपूर ओझोन" अशी जाहिरात करायला लागली. किनाऱ्यावर जो वास येतो तो ओझोनचा नसतोच, तो बराचसा समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींपासून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूंचा असतो.

आणि तुमच्यासाठी चांगली गोष्ट अशी की लांब समुद्रावरून थेट येणारी, धूर न मिसळलेली दमट हवा ओझोन वाढवत नाही, उलट कमी करते. पावसाळ्यात नैऋत्येचे वारे सुरू झाले की आपल्या किनाऱ्यावरचा ओझोन वर्षातला सगळ्यात कमी असतो. म्हणजे तुमची हवा चांगली आहे ती ओझोन कमी असल्यामुळे. "मोकळी खारी हवा" लिहा, ते खरं पण होईल आणि वाचायला पण छान वाटेल.

मी बी.एस्सी.ला आहे. पुस्तकात ओझोनचा थर वर दाखवलाय. मग खाली ओझोन येतो कुठून, तो वरून गळतो का? आणि झाडांमुळे पण होतो असं एका व्हिडिओत ऐकलं. नीट स्टेप बाय स्टेप सांगाल का? — चिपळूण

वरून थोडा येतो, पण त्रास देणारा बहुतेक इथेच तयार होतो आणि गंमत म्हणजे तो कुठल्याच सायलेन्सरमधून किंवा चिमणीतून ओझोन म्हणून बाहेर पडत नाही. हवेतच, उन्हात बनतो. त्यामुळे ओझोनचा धूर दिसला असं कधी होत नाही.

सुरुवात होते कुठल्याही कडक आगीपासून. डिझेल इंजिन, पेट्रोल इंजिन, बॉयलर, जनरेटर, काहीही. जिथे तापमान खूप चढतं तिथे हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन जोडले जातात, नायट्रिक ऑक्साइड बनतं आणि त्यातून पुढे नायट्रोजन डायऑक्साइड. हे दोघं मिळून नॉक्स. आता नायट्रोजन डायऑक्साइडवर ऊन पडलं, त्यातही जांभळ्या आणि त्यापलीकडच्या किरणांचं, म्हणजे साधारण 420 नॅनोमीटरच्या आतलं, की त्यातला एक ऑक्सिजनचा अणू सुटतो. तो सुटा अणू लगेच हवेतल्या नेहमीच्या ऑक्सिजनला चिकटतो, झाला ओझोन. पण तिथेच उरलेलं नायट्रिक ऑक्साइड त्याच ओझोनला गाठतं, तो अणू परत घेतं आणि पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइड होतं. म्हणजे ही नुसती उसनवारी आहे, दिलं आणि परत घेतलं, हिशोब शून्याच्या आसपास. एवढंच असतं तर ओझोन साठलाच नसता.

साठतो तो तिसऱ्यामुळे. हवेत व्हीओसी म्हणतात त्या सेंद्रिय वाफा असतात, पेट्रोलच्या, रंगाच्या, थिनरच्या, धुराच्या आणि झाडांच्यासुद्धा. हवेतच एक अतिशय तडफदार कण असतो, हायड्रॉक्सिल, तो ओझोन, ऊन आणि पाण्याची वाफ यांतून तयार होतो (आपल्याकडे वाफेची काय कमी), आणि तो या वाफांवर तुटून पडतो. त्यातून जे पेरॉक्सी नावाचे तुकडे निघतात ते नायट्रिक ऑक्साइडला आपल्याकडचा ऑक्सिजन देऊन टाकतात. मग त्याला ओझोनकडे जायची गरजच उरत नाही, ओझोन आहे तिथेच राहतो आणि नवीन नायट्रोजन डायऑक्साइड परत उन्हात फुटायला तयार. हे चक्र दिवसभर फिरतं, नॉक्सचा एक रेणू हवेतून बाहेर पडायच्या आधी असे कितीतरी ओझोनचे रेणू बनवून जातो. म्हणून तीन गोष्टी एकत्र लागतात, नॉक्स, वाफा आणि ऊन, आणि म्हणूनच ओझोन सकाळी कमी, दुपारी बारा ते चारच्या दरम्यान जास्त.

हे शोधलं कोणी हे पण वाच, तुला आवडेल. 1940 च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये डोळे चुरचुरणारं धुकं यायला लागलं. सुरुवातीला लोकांना वाटलं कारखान्यांचा गंधक असेल. तिथल्याच कॅलटेक या विज्ञानसंस्थेत आरी हागेन-स्मिट नावाचे केमिस्ट होते, त्यांचा मूळ विषय अननसाचा स्वाद कशामुळे येतो हा. त्यांनी 1950 च्या सुमारास दाखवून दिलं की गाड्यांचा आणि रिफायनरीचा धूर उन्हात ठेवला की ओझोन तयार होतो. मोजायला त्यांनी ताणलेल्या रबराच्या पट्ट्यासुद्धा वापरल्या, कारण ओझोन रबराला तडे पाडतो. नैसर्गिक रबर हे आयसोप्रीन नावाच्या छोट्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्यांचं असतं आणि त्यातल्या दुहेरी बंधांवर ओझोन घाव घालतो. घरी बघायचं असेल तर जुनं रबरबँड एखाद्या खिळ्यावर ताणून बाहेर सावलीत ठेव, थोड्या दिवसांनी भिंगातून बघ, ताणाच्या आडव्या दिशेने बारीक बारीक चिरा दिसतील. सावलीत यासाठी की उन्हानेही रबर खराब होतं, मग कोणामुळे काय झालं कळत नाही. दोडामार्गकडे रबराच्या बागा आहेत, तिथल्या झाडाच्या चिकातलं रबर ते हेच.

आमच्या ग्रुपवर एकाने टाकलं की झाडंच प्रदूषण करतात, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी पण असं म्हटलं होतं. इकडे बांबू लावा म्हणून सगळे मागे लागलेत. माझी आंब्याची बाग आहे, बांधाला बांबू लावणार होतो. लावू की नको? — दापोली

लावा. आधी उत्तर देतो, मग कारण, कारण हा मेसेज अर्धं खरं सांगून पूर्ण चुकीच्या जागी नेऊन सोडतो.

खरं काय ते आधी. बरीच झाडं उन्हात पानांतून आयसोप्रीन नावाची वाफ सोडतात. निलगिरी, ओक, पॉप्लर, तेलमाड, बांबूच्या अनेक जाती, वड-उंबराच्या कुळातली बरीच झाडं. जगभरची झाडं मिळून वर्षाला साधारण 50 कोटी टन कार्बन या रूपात सोडतात, माणसाच्या सगळ्या गाड्या-कारखान्यांच्या सेंद्रिय वाफांपेक्षा कितीतरी जास्त. ऊन वाढलं, पान तापलं की जास्त, रात्री जवळपास बंद. झाड हे उगाच करत नाही, तापलेल्या पानाला सावरायला त्याचा उपयोग होतो. आंब्याची गोष्ट थोडी वेगळी, त्याचा जोर टर्पिन नावाच्या सुगंधी वाफांवर. आंब्याचं पान चुरगळलं की बोटांना जो कैरीसारखा वास येतो ना, तो त्यांचाच. हापूसच्या सुवासात तर ऑसिमीन नावाचं टर्पिन भरपूर असतं आणि ते ओझोनशी इतक्या पटकन रिअॅक्ट होतं की ओझोन खाऊनच टाकतं.

आता ते राष्ट्राध्यक्ष, म्हणजे रोनाल्ड रेगन, यांचं बोलणं. 1980 च्या निवडणुकीच्या वेळी त्यांनी खरंच झाडांवर खापर फोडलं होतं. पण वर चिपळूणच्या मुलाला लिहिलंय ते बघा, नुसत्या वाफांनी ओझोन होत नाही, नॉक्स पाहिजे. आणि आपल्या भागात ते मुख्यतः माणसाच्या आगीतून येतं, थोडंफार विजेतून आणि मातीतून. अॅमेझॉनच्या जंगलात आयसोप्रीनचा नुसता पूर असतो, तरी पावसाळ्यात तिथला ओझोन 10-15 पीपीबीच्या आसपासच राहतो, म्हणजे हवेच्या 100 कोटी रेणूंमागे दहा-पंधरा. नॉक्स नसेल तर त्या वाफा उलट ओझोनलाच खातात, आणि पानं पण आपल्या रंध्रांतून ओझोन आत ओढून घेतात. स्वच्छ जंगलात झाडं ओझोन कमी करतात, धुराच्या शहराशेजारी तीच झाडं ओझोनला खाद्य पुरवतात. फरक झाडात नाही, धुरात आहे.

याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा मला बोर्निओचा वाटतो. मलेशियाच्या साबा राज्यात शास्त्रज्ञांनी एकीकडे मूळ जंगल आणि दुसरीकडे तेलमाडाची लागवड अशी तुलना केली, 2009 साली ती छापून आली. तेलमाड जंगलापेक्षा कितीतरी जास्त आयसोप्रीन सोडत होता, नॉक्सही लागवडीकडे जास्त होतं कारण खत आणि कारखाना. तरी ओझोन दोन्हीकडे जवळपास सारखाच, कमी. पण तिथलं नॉक्स युरोप-अमेरिकेतल्या गावांइतकं वाढलं तर ओझोन 100 पीपीबीच्या वर जाईल असा हिशोब निघाला. त्याआधी 1988 मध्ये अटलांटा शहराबद्दल असाच अभ्यास झाला होता, तिथे चहूबाजूंनी झाडी, त्यामुळे नुसत्या पेट्रोलच्या वाफा कमी करून उपयोग नाही, नॉक्सच कमी करावं लागेल असं दिसलं. रेगनच्या वाक्यातून लोकांनी "झाडं तोडा" घेतलं, विज्ञानातून निघालं "धूर कमी करा".

कोकण अटलांटाच्या बाजूचं आहे, अॅमेझॉनच्या नाही, हे मला मनापासून काळजीचं वाटतं. झाडी आहे, ऊन आहे, वाफ आहे, म्हणजे चुलीवर सगळं तयार आहे, फक्त नॉक्स किती ओतायचं ते आपल्या हातात. त्यामुळे बांबू बिनधास्त लावा, फक्त युरिया मुठीने फेकू नका, जादा नत्र घातलेल्या जमिनीतून पण नायट्रिक ऑक्साइड निघतं. आणि बागेत फवारणीचा पंप, पाण्याचा पंप डिझेलवर चालत असेल आणि वीज मिळत असेल तर विजेवर घ्या.

मी कळव्याला राहतो, मे महिन्यात गावी येतो. मोबाइल अॅपवर मुंबईत धूळकण जास्त दाखवतात आणि गावी एखाद दिवशी ओझोन जास्त. गावात गाड्या आहेत किती! अॅप चुकतंय का? — राजापूर

अॅपमधले गावचे आकडे बऱ्याचदा मोजलेले नसतात, जवळच्या केंद्रावरून किंवा कॉम्प्युटर मॉडेलवरून काढलेले असतात, म्हणून एका आकड्यावर जाऊ नका. पण तुम्ही जे बघितलं ते होऊ शकतं, नवल नाही.

शहराच्या मध्यात गाड्यांमधून ताजं नायट्रिक ऑक्साइड इतकं निघतं की ते ओझोनला लगेच खाऊन टाकतं. रात्री तर ऊनच नाही, म्हणून नवा बनत नाही आणि असलेला संपतो. हवा शहरातून बाहेर सरकली की वाटेत नॉक्स मुरतं, वाफा मिसळतात, ऊन मिळतं आणि ओझोन तिथे, शहरापासून दूर तयार होतो. लॉकडाऊनमध्ये 2020 साली जगातल्या बऱ्याच शहरांत गाड्या थांबल्या, नॉक्स धाडकन उतरलं आणि ओझोन मात्र कमी व्हायच्या ऐवजी वाढला, याच कारणाने.

आपल्या किनाऱ्यावर वाऱ्याचा खेळ वेगळा. रात्री मतलई वारे जमिनीवरची हवा समुद्रावर नेतात, दिवसा खारे वारे ती परत आणतात, आणि मधल्या वेळात ती समुद्रावर उन्हात पडून असते. हिवाळ्यात ईशान्येकडून वारे असतात तेव्हा तर भारताच्या जमिनीवरचा धूर अरबी समुद्रावर लांबपर्यंत जातो, 1999 च्या जानेवारी ते मार्चमध्ये झालेल्या इंडोएक्स मोहिमेत विमानं-जहाजांनी हे मोजलं होतं. म्हणून समुद्राकडून वारा आला म्हणजे तो स्वच्छच असेल असं मे महिन्यात धरून चालू नका, जुलैत धरा.

एक चांगलं पण सांगतो, 2022 मध्ये कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग विजेवर आला, म्हणजे झाडीच्या मधोमध जाणाऱ्या त्या मार्गावरचा डिझेल इंजिनांचा धूर बराच कमी झाला. आणि नव्या मोठ्या डिझेल गाड्यांमध्ये युरियाचं पाणी भरावं लागतं ना, ते नेमकं नॉक्सचा परत नायट्रोजन आणि पाणी करण्यासाठी असतं. काही लोक पैसे वाचवायला ती सिस्टीम गॅरेजमधून बंद करून घेतात. नका करू. तुमची गाडी असेल, ओळखीच्याचा ट्रक असेल, त्याला पण सांगा.

तुळस ओझोन सोडते म्हणून अंगणात लावायची असं म्हणतात. खरं आहे का? — मालवण

नाही हो काकू, कुठलंच झाड ओझोन सोडत नाही, तुळस नाही, पिंपळ नाही. तुळशीच्या पानातून युजेनॉल, कॅरिओफायलीन अशा सुगंधी वाफा येतात आणि कॅरिओफायलीन तर ओझोनशी काही मिनिटांत रिअॅक्ट होऊन जातं. एका वृंदावनाने अंगणाची हवा बदलत नाही, पण तुळस लावायला ओझोनच्या कारणाची काय गरज आहे.

आम्ही वाडवडिलांपासून भाताच्या तरव्यासाठी (रोपांच्या वाफ्यासाठी) राब भाजतो. आता सगळे म्हणतात जाळू नका. आमच्या एवढ्याशा भाजावळीने काय होणार, महामार्गावरच्या गाड्या बघा ना. — मंडणगड

दादा, तुमचा राग समजतो. वर्षभर हजारो गाड्या धूर सोडतात आणि उन्हाळ्यात शेतकऱ्याने कवळ (झाडाच्या तोडलेल्या फांद्या), पातेरा, शेण पसरून भाजलं की सगळ्यांची बोटं त्याच्याकडे. गाड्यांचा वाटा वर्षभरासाठी मोठा आहे हे आधी मान्य.

पण वेळ बघा. राब भाजतात मार्च ते मे, ऊन सगळ्यात कडक, झाडांच्या वाफा सगळ्यात जास्त आणि पाऊस नाही. त्यात राब मंद धुमसत जळावा म्हणून वर माती टाकतात आणि धुमसणाऱ्या आगीतून कार्बन मोनॉक्साइड आणि सेंद्रिय वाफा जास्त निघतात, भडकणाऱ्यातून नॉक्स. दोन्ही ओझोनचा कच्चा माल. एका वाफ्याने काही होत नाही, पण त्याच आठवड्यांत सगळ्या वाड्या भाजतात, आणि त्यातून एखादी ठिणगी डोंगरावर गेली की वणवा, मग हिशोबच नको.

आणि याची किंमत शेवटी शेतीच भरते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2014 मध्ये छापलेल्या हिशोबाप्रमाणे 2005 साली ओझोनमुळे देशाचा गहू सुमारे 35 लाख टन आणि भात सुमारे 21 लाख टन कमी पिकला. सगळ्यात जास्त फटका मध्य आणि उत्तर भारतात, कोकणात नाही, पण भाताच्या पानाला ओझोन लागतो हे पक्कं. रंध्रांतून आत जातो, पान लवकर पिवळं पडतं, दाणा भरायला अन्न कमी पडतं. बाहेरून बघून शेतकरी म्हणतो रोग पडला.

भाजण्यामागे तुमची कारणं खरी आहेत, तणाचं बी मरतं, राखेतून खत मिळतं. त्याऐवजी गादीवाफा करून त्यात कुजलेलं शेणखत घालून तरवा करता येतो, पहिल्या वर्षी तण जास्त येईल, बेणणीला मजुरी लागेल, हे लपवत नाही. एकदम सगळं बदलू नका, एका वाफ्यावर करून बघा, आणि कापलेली कवळ जाळायच्या ऐवजी खड्ड्यात कुजवा. पुढे राबासाठी उगाच तोडाव्या लागणाऱ्या झाडाच्या फांद्या पण वाचतील.

मुलाला दमा आहे, वय नऊ. सुट्टीत गावी दिवसभर उन्हात खेळतो. मास्क लावला तर चालेल का? — ठाणे, गाव संगमेश्वर

ताई, कापडी किंवा एन-95 मास्क धुळीला अडवतो, ओझोन वायू आहे, तो आरपार जातो. त्यापेक्षा वेळ बदला. धावपळीचे खेळ सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, दुपारी घरात कॅरम-पत्ते. पळताना श्वास खोल आणि जास्त होतो, म्हणून त्याच हवेत बसलेल्या माणसापेक्षा पळणाऱ्या मुलाला जास्त लागतो. दुपारी खिडक्या बंद केल्या तर आतला ओझोन बाहेरच्यापेक्षा बराच कमी राहतो, भिंती, कपडे, सामान यांवर आपटून तो संपतो. आवाठात कोणी पातेरा पेटवला असेल त्या दिवशी तर त्याला बाहेर सोडूच नका. घरात "ओझोन सोडणारं" हवा शुद्ध करायचं मशीन कोणी विकायला आलं तर अजिबात घेऊ नका, ते घरात विष आणणं आहे.

माहितीसाठी, आपल्या देशाचं 2009 चं मानक आठ तासांच्या सरासरीला 100 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, म्हणजे साधारण 50 पीपीबी, आणि एका तासाला 180. पण दम्याच्या मुलाला त्याच्या आतही त्रास होऊ शकतो, त्यामुळे आकड्यापेक्षा त्याच्या खोकल्याकडे लक्ष ठेवा. डॉक्टरांनी दिलेला इनहेलर गावी येताना बॅगेत खाली ठेवू नका, त्याच्या जवळ असू दे, आणि गावच्या आजी-आजोबांनाही तो कसा द्यायचा ते पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा.